न खोकणारा क्षय

क्षय म्हटलं की आपल्याला खोकणारा, रक्त थुंकणारा माणूस दिसतो. पेण-रोह्याच्या बाजूला लहान मुलांच्या टीबीचा इतिहास पाहायचा तर हे चित्र आपण आधी बाजूला ठेवू. मूल पुष्कळदा खोकतच नाही. मानेला गाठींची माळ येते, ती गंडमाळ. पाठीला कुबड येतं. एखादं बोट फुगतं, आपण म्हणतो, कुठं पडलं असेल. आठवडा-दोन आठवडे तापानं मलूल असलेलं पोर ओकायला लागतं, झापडीत जातं. हा मेंदूच्या आवरणाचा क्षय. नावं वेगळी, म्हणून आजारही वेगळेच धरले गेले.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्रजीचा पुढे प्रसिद्ध झालेला कोशकार सॅम्युएल जॉन्सन अडीच वर्षांचा असताना, १७१२ साली, गंडमाळ बरी व्हावी म्हणून त्याला लंडनला नेऊन राणी अॅनचा हात लावून घेतला. गुण आला नाही. असं कुबड पर्सिव्हल पॉटनं १७७९ मध्ये नीट वर्णिलं. या साऱ्यांमागचा जंतू कॉखनं दाखवला तो १८८२ मध्ये.

आणि इथंच मुलं निसटली! आपला १९६२ चा राष्ट्रीय क्षय कार्यक्रम मुख्यतः थुंकीच्या तपासणीवर उभा राहिला. आमच्या मते ते चूक नव्हतं, रोग पसरवणारा माणूस थुंकीतूनच सापडतो. पण लहान मूल बेडका गिळून टाकतं, आणि त्यात जंतूही थोडेच. काचपट्टीवर काही दिसत नाही. मग पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढायचं, नाहीतर गाठीत सुई घालायची. खेड्यातल्या दवाखान्यात हे कोण करणार?

त्यात पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरातल्या कातकरी वाड्या. तिथलं पोर वाळलं तर ते कुपोषणाच्या खात्यात जातं. भूक आणि क्षय एकाच अंगावर असू शकतात हे सुचत नाही. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. औषध निदान सहा महिन्यांचं, मेंदूचा किंवा हाडाचा क्षय असेल तर वर्षभरापर्यंत.

आणखी एक. लहान मुलाला लागण होते ती बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून. म्हणून गाठ आलेल्या पोराच्या मागोमाग त्याच्या आईची, आजोबांची थुंकी तपासायला जावं लागतं. तेवढ्यात दिवाळी उलटते, आणि वाडी रिकामी झालेली असते.