उकडलेले अंडे आणि आपले बिरडे

पेसाहच्या रात्री सेदरच्या ताटात जे अंडे ठेवतात, ते आधी पाण्यात उकडून मग विस्तवावर किंचित भाजलेले असते. रब्बान गमलिएल यांनी त्या रात्री तीन गोष्टींचा अर्थ सांगणे आवश्यक ठरविले: पेसाहचा बळी, बेखमीर भाकर आणि कडू भाजी. अंडे या तिहींत नाही. त्यामुळे हागादा वाचणारे वडीलधारे ताटातील अंड्याशी आले की बहुधा घाईने पुढे सरकतात आणि मुलांचा प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्या कोकणातील स्वयंपाकघरापर्यंत जावे लागले. तो शोध वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिश्नाकाळी सेदरच्या ताटात दोन शिजविलेले पदार्थ असावेत एवढाच दंडक होता. इ. स. 70 मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले, बळी बंद झाले, आणि सणाच्या बळीची आठवण म्हणून त्या दोहोंपैकी एक जागा पुढे अंड्याने घेतली. अंडेच का, याचे एक उत्तर असे की अंडे हे शोकाचे अन्न आहे. ते सर्व बाजूंनी बंद असते, त्यास तोंड नसते. शोक करणाऱ्याच्या तोंडीही शब्द नसतो. शिवाय ते वाटोळे असते, आणि दुःखाचा फेराही असाच घरोघर फिरत असतो. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकाव शहरी होऊन गेलेले रब्बी मोशे इस्सरलिस यांनी सेदरमध्ये अंडी खाण्याच्या प्रथेचे कारण देताना एक मौजेचा हिशेब मांडला आहे. पेसाहचा पहिला दिवस ज्या वारी येतो, त्याच वारी त्या वर्षीचा तिशा बेआब येतो. वाचकांनी घरातील पंचांग उघडून हा ताळा अवश्य करून पाहावा. मुक्तीच्या रात्रीच मंदिराच्या नाशाचा वार ठरलेला असतो, म्हणून आनंदाच्या ताटात हा शोकाचा घास.

अंडे शिजविणे ही आपल्या पूर्वजांना क्षुल्लक बाब वाटत नव्हती. मिश्नाच्या एका ग्रंथाचे नावच ‘बेत्सा’, म्हणजे अंडे, असे आहे. सणाच्या दिवशी कोंबडीने घातलेले अंडे त्याच दिवशी खावे की नाही, या वादाने तो सुरू होतो. शम्मायचे शिष्य खावे म्हणाले, हिल्लेलचे शिष्य खाऊ नये म्हणाले. शब्बाथच्या ग्रंथात तर अधिक बारकावा आहे. तापलेल्या भांड्याच्या कडेला अंडे शिजण्यासाठी ठेवू नये, वाळूत वा रस्त्याच्या तापल्या धुळीत पुरू नये, असे तेथे सांगितले आहे. उन्हाने तापलेल्या कापडावर अंडे फोडावे की नाही, यावर मतभेद झाला. रब्बी योसे यांनी परवानगी दिली. तिबेरियाच्या ऊन पाण्याच्या झऱ्यात शिजविणे हे शिजविणे म्हणावे काय, याचीही चर्चा तालमूदमध्ये आहे. उन्हेऱ्याचे झरे पाहिलेल्या आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील मंडळींना या चर्चेचे विशेष वाटणार नाही. विस्तव न पेटविता अंडे शिजविण्याच्या इतक्या युक्त्या निषिद्ध ठरवाव्या लागल्या, यावरून त्या घरोघरी चालत असल्या पाहिजेत हे उघड आहे.

निर्बंधातूनच पुढे एक रुचकर पदार्थ निघाला. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर ठेवलेल्या ‘हमीन’च्या हंडीत सालासकट अंडी रात्रभर राहिली, की शनिवारी सकाळी ती आतून बाहेरून तपकिरी होतात. स्पेनमधून 1492 साली हाकलले गेलेले यहुदी ही रीत तुर्कस्थान व ग्रीसकडे घेऊन गेले. त्यांच्या घरी पाण्यात कांद्याच्या साली घालीत. बगदादी यहुद्यांची शब्बाथची तपकिरी अंडी तळलेल्या वांग्यांसह रामत-गनच्या रस्त्यावर भाकरीत भरून विकली जाऊ लागली, आणि ‘साबीह’ या नावाने साऱ्या देशाची झाली.

आता सोलण्याविषयी. तालमूदमध्ये रब्बी शिमोन बार योहाय यांच्या नावाने एक इशारा आहे: सोललेला लसूण, सोललेला कांदा वा सोललेले अंडे रात्रभर ठेवून खाणे जिवास अपायकारक. मात्र सालाचा अंश राहू दिला असेल तर चिंता नाही. ज्या गृहिणींना अंडे धड सोलता येत नाही त्यांना हा केवढा दिलासा! वस्तुतः दोष हाताचा नसून ताज्या अंड्याचा असतो. नुकत्याच घातलेल्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. तो कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून दिवसेंदिवस निघून जातो आणि पांढरा बलक अधिकाधिक अल्कधर्मी होतो. तोवर आतला पापुद्रा बलकास चिकटून बसतो आणि सालाबरोबर बलकाचे लचके निघतात. म्हणून आठवडाभर जुनी अंडी घ्यावीत, ती थंड पाण्यात न ठेवता उकळत्या पाण्यात सोडावीत, अकरा-बारा मिनिटांनी काढून गार पाण्यात टाकावीत, आणि जाड टोकाकडून, जेथे हवेची पोकळी असते तेथून, सोलण्यास आरंभ करावा. अधिक वेळ भराभरा उकळल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे धरते. ते लोह व गंधक यांचे संयुग होय, विष नव्हे.

इस्राएलमध्ये 1949 पासून दहा वर्षे शिधावाटप होते. त्या काळी अंडी मोजून मिळत आणि पुष्कळदा त्यांच्या जागी भुकटीच मिळे. आरंभीच्या वर्षांत येथे आलेल्या आपल्या कुटुंबांना सोलण्याचा प्रश्न फारसा पडला नसावा.

पण आमच्या मनात घोळत होते ते निराळेच. सफेद येथील रब्बी योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात शुल्हान आरूखमध्ये लिहून ठेवले आहे की तिशा बेआबच्या पूर्वसंध्येस मसुरीत शिजविलेली अंडी खाण्याचा परिपाठ आहे, कारण दोन्ही शोकाची अन्ने होत. आपल्या पूर्वजांजवळ कोकणात शतकानुशतके ना तालमूद होता, ना शुल्हान आरूख. तरीही आव महिन्याच्या आरंभी ते मांस वर्ज्य करीत, वालाचे बिरडे खात आणि उपास धरीत. त्या दिवसास नावच ‘बिरड्याचा सण’ पडले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 साली तेल-अवीव येथे छापलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या सणाची नोंद आहे. मसूर काय, वाल काय, दोन्ही कडधान्येच. ग्रंथ हरवला तरी शोकाचे अन्न कोणते हे चुलीने लक्षात ठेवले, असे आमचे मत आहे.

1962 साली रब्बीमंडळाने बेने इस्राएल वधूवरांच्या आई, आजी व त्यांच्याही मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश काढले, तेव्हा कागद मागण्यात आले. आपल्या आज्यांजवळ कागद नव्हते, बिरडे होते. जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने आपला समाज सर्व बाबतींत यहुदीच असल्याचे जाहीर केल्यावर तो निर्देश बदलला गेला. त्या लढ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विस्तार करीत नाही.

आमच्या घरी आता तिशा बेआबच्या पूर्वसंध्येस अंडी असतात आणि बिरडेही असते. अंडी नातवंडे सोलतात. पाच मिनिटांत काम उरकते आणि निम्म्यांना खड्डे पडलेले असतात. वालांचे काम मात्र दोन दिवस आधी सुरू होते. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा, की डाळिंबी सालातून अलगद निसटते. गेल्या वर्षी थोरल्या नातीने विचारले, “आजी, अंडे असे का निसटत नाही?” तिच्या हाती वालाचे पातेले देऊन आम्ही तिला शेजारी बसविले.