गर्भाशयदर्शन, रंजकसाहाय्यित
गर्भाशयाच्या पोकळीत ग्रीवेच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून अंतःस्तर प्रत्यक्ष पाहण्याच्या पद्धतीस गर्भाशयदर्शन म्हणतात. अंतःस्तरावर निळे रंजक सोडून विकृत स्थाने उठावदार करणे, ही तिची अलीकडची सुधारणा होय.

फ्रँकफुर्टचे वैद्य फिलिप बोत्सिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेणबत्तीच्या उजेडावर शरीरातील विवरे पाहण्याचे साधन तयार केले. गर्भाशयाची पाळी पुष्कळ उशिरा आली. १८६९ मध्ये पँतालेओनी यांनी रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या एका ६० वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयात लोंबती गाठ पाहिली आणि ती सिल्व्हर नायट्रेटने जाळली. पुढे सु. शंभर वर्षे ही पद्धत मागेच राहिली. खरी अडचण अवयवाचीच होती : गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात व धक्का लागताच रक्त येऊन दृष्टी झाकोळते. रूबिन यांनी १९२५ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइड वायूने, तर एडस्ट्रॉम व फर्नस्ट्रॉम यांनी १९७० मध्ये दाट डेक्स्ट्रानाने पोकळी फुगविली. हॅरल्ड हॉपकिन्झ यांच्या दंडाकृती भिंगांनी प्रतिमा स्वच्छ झाली. तोपर्यंत अंतःस्तर न पाहताच खरवडला जाई. त्यात लहानशी गाठ सहज निसटे.

दुर्बिणीलाही न दिसणारे विकार उरलेच. अंतःस्तराचा जुनाट शोथ हा त्यांपैकी एक. तो वंध्यत्वाशी निगडित मानला जातो. येथे मिथिलीन ब्ल्यू हे १८७६ मध्ये हाइन्रिख कारो यांनी बनविलेले रंजक उपयोगी पडले.  रंजकाचा सौम्य विद्राव पोकळीत सोडून थोड्या वेळाने धुऊन काढतात. अभंग पृष्ठस्तर फिकट राहतो. जेथे तो झिजला वा तुटला आहे तेथे गडद निळे डाग पडतात. डाग रोगाचे नाव सांगत नाही, नमुना कोठून घ्यावा एवढेच सांगतो. दुर्बिणीच्या घासण्यानेही डाग पडू शकतो. म्हणून शोथाचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली प्लाझ्मा कोशिका आढळण्यावरच अवलंबून असतो.

निदानाच्या या टप्प्याला मराठवाड्यात वेगळेच महत्त्व आहे. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये औरंगाबादला १९५६, अंबेजोगाईला १९७४, नांदेडला १९८८ व लातूरला २००२ मध्ये सुरू झाली. नांदेड-लातूरच्या खेड्यांतील स्त्रीला तत्पूर्वी विकृतिविज्ञानाची प्रयोगशाळा दूरच होती. अंगावर पांढरे जाणे, अतिरक्तस्राव अशा तक्रारींवर ‘पिशवी काढणे’ हा सोपा उपाय ठरला. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यांतील अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अशा तक्रारींपैकी पुष्कळ शोथ वा साध्या गाठीमुळे उद्भवतात व औषधाने किंवा दुर्बिणीतूनच बऱ्या होऊ शकतात. रंजकाचा खर्च नगण्य आहे. दुर्बीण, ती हाताळणारा तज्ज्ञ आणि नमुना तपासणारी प्रयोगशाळा या गोष्टी मात्र तालुक्याच्या गावी सहसा एकत्र मिळत नाहीत.