डोलकाठीवरील पोलाद आणि ॲल्युमिनियमची झीज

हूफडॉर्प ज्या भूमीवर वसले आहे, ती १८५२ साली उपसून कोरड्या केलेल्या सरोवराचा तळ होय. शेजारच्या आल्समेरजवळील वेस्टआइंडर सरोवरात मात्र आजही शिडाच्या होड्या डोलतात. त्यांच्या डोलकाठ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या, तर कड्या, पट्ट्या व स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. हे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. पोलाद शाबूत राहते, ॲल्युमिनियम झिजते. गोड्या पाण्यात ही क्रिया मंद असते. होडी उत्तर समुद्रात नेली की तिचा वेग वाढतो.

पांढरी भुकटी ही पहिली खूण. ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. त्यामुळे स्क्रू जागीच आवळला जातो व काढताना तुटतो. ताणतारांची पट्टी जेथे बसवलेली असते तेथे ही झीज झाली, तर डोलकाठीच कोसळू शकते.

छिद्र पाडताना ॲनोडाइज केलेला संरक्षक थर खरवडला जातो, म्हणून आरंभ बहुधा तेथूनच होतो. पट्टीखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा घालावा, स्क्रूच्या आट्यांना ड्युरॅलॅक किंवा टेफ-जेल माखावे. ड्युरॅलॅकमध्ये परंपरेने क्रोमेट असते, हातमोजे घालावेत. तांबेमिश्रित ग्रीस कटाक्षाने टाळावे, तांब्याने झीज उलट वाढते. मोनेलच्या रिव्हेटांनाही हाच लेप हवा. हिवाळ्यात डोलकाठी उतरवली असता एखादा स्क्रू काढून पाहावा. तो सहज फिरला, तर लेप टिकला आहे.