हस्कर चाहते (नेब्रास्का)

हस्कर चाहते : अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील क्रीडासंघांचे, विशेषतः अमेरिकन फुटबॉल संघाचे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले अनुयायी. ‘हस्कर’ हे ‘कॉर्नहस्कर’चे लघुरूप. मक्याची कणसे सोलणारा असा त्याचा अर्थ असून विसाव्या शतकाच्या आरंभी संघाला हे नाव मिळाले. लाल रंग ही या चाहत्यांची ओळख आणि ‘गो बिग रेड’ ही घोषणा. येथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, तर लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा अमेरिकी खेळ समजावा.

२०२० च्या जनगणनेनुसार नेब्रास्काची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या आसपास आहे. राज्यात फुटबॉलचा एकही अव्वल व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ ठरला. लाल टोपी घालणाऱ्या कित्येकांनी त्या विद्यापीठात एक दिवसही शिक्षण घेतलेले नाही. त्यांच्या घरात विद्यापीठ आले ते रेडिओवरून. ओमाहाच्या केएफएबी केंद्रावरून लायल ब्रेम्सर यांनी १९३९ ते १९८३ या काळात संघाच्या सामन्यांचे समालोचन केले. हंगाम ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर, म्हणजे नेमका मक्याच्या कापणीचा. त्यामुळे ज्याला शनिवारी शेत सोडता येत नाही तो कापणीयंत्रात बसून सामना ऐकतो. या निष्ठेचे मूळ शोधायचे तर विद्यापीठाच्या आवारापेक्षा अशा शेतांत आधी शोधावे लागते.

लिंकनचे मेमोरियल स्टेडियम युद्धात कामी आलेल्या नेब्रास्काच्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२३ साली उभे राहिले. तेव्हा त्यात सुमारे ३१ हजारांची सोय होती; पुढे ती वाढत ८५ हजारांच्या आसपास गेली. सामन्याच्या दिवशी हे मैदान ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातले तिसरे मोठे ‘शहर’ बनते. ३ नोव्हेंबर १९६२ पासून येथील प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधली ही सर्वांत लांब मालिका असून २०२४ च्या हंगामात तिने ४०० सामन्यांचा टप्पा ओलांडला. (प्रेक्षकांविना झालेले २०२० चे सामने यात धरत नाहीत.) मालिकेच्या पहिल्याच सामन्यात नेब्रास्का मिसूरीकडून ७–१६ असा हरला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हंगामी तिकिटे कुटुंबात वारशासारखी पुढे जातात. आजोबांच्या जागेवर नातू बसतो आणि शेजारच्या खुर्च्यांवरची माणसेही वर्षानुवर्षे तीच असतात. पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफहून लिंकन साधारण साडेसहाशे किलोमीटर. तिकडचे चाहते पहाटे अंधारात निघतात. त्यांचे घड्याळही लिंकनच्या तासभर मागे असते. मैदानाबाहेर गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून शेगड्या पेटतात. याला टेलगेटिंग म्हणतात. गोमांस, कोबी व कांदा भरून भाजलेला ‘रन्झा’ हा पाव इथला खास खाऊ; व्होल्गाकाठच्या जर्मन स्थलांतरितांनी तो या प्रदेशात आणला. संघाचे पहिले गुण लागताच हजारो लाल फुगे आकाशात सोडण्याची प्रथा होती. हेलियमच्या टंचाईमुळे २०२२ मध्ये ती थांबली.

संघ आणि गावे यांना जोडणारा सर्वांत बळकट धागा ‘वॉक-ऑन’ खेळाडूंचा. शिष्यवृत्ती न मिळताही संघात येऊन, सराव करून जागा मिळवू पाहणारा तो वॉक-ऑन. नेब्रास्काने अशा मुलांना मोठ्या संख्येने सामावून घेतले. लहान गावातला मुलगा लिंकनला गेला की ते सगळे गाव संघाच्या बाजूने उभे राहत असे, मग तो मैदानात चार मिनिटे उतरो वा न उतरो. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न स्वतः हेस्टिंग्ज या छोट्या शहरातले. त्यांच्याआधीचे प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांच्या कारकिर्दीत संघाने १९७० व १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. डेव्हेनींनंतर १९७३ ते १९९७ पर्यंत ऑस्बर्न यांनी संघ सांभाळला आणि १९९४, १९९५ व १९९७ ची विजेतेपदे आणली.

तरीही ऑस्बर्न यांच्याविषयीचा आदर समजून घ्यायला एक पराभव पाहावा. २ जानेवारी १९८४ रोजी ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन करून, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन, नेब्रास्का ३०–३१ पर्यंत पोहोचला. चेंडू खांबांमधून लाथाडून एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि तेवढ्यावर राष्ट्रीय विजेतेपद मिळणे जवळजवळ निश्चित होते. ऑस्बर्न यांनी विजयासाठी दोन गुणांचा डाव टाकला. तो फसला. त्या निर्णयाबद्दल हस्कर चाहते आजही अभिमानाने बोलतात, आणि या समूहाच्या स्वभावाची याहून चांगली खूण सांगता येणार नाही.

प्रतिस्पर्ध्याला दाद देणे ही येथील जुनी रीत. मैदान सोडणाऱ्या पाहुण्या संघासाठी, तो जिंकलेला असला तरी, टाळ्या वाजतात. १९८० मध्ये फ्लोरिडा स्टेटने लिंकनमध्ये १८–१४ असा विजय मिळवला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी या वागणुकीबद्दल नेब्रास्कावासीयांचे पत्र लिहून आभार मानले होते.

निष्ठेची खरी कसोटी अलीकडची. १९६९ ते २००१ अशी सलग ३३ वर्षे किमान नऊ सामने जिंकणारा हा संघ २०१७ ते २०२३ या सातही हंगामांत विजयांपेक्षा जास्त पराभव घेऊन परतला. २०२१ मध्ये बारापैकी नऊ सामने हरला, आणि त्यांतला एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. दर आठवड्याला आशा वाढवून शेवटच्या क्षणी ती मोडणारे ते वर्ष सोसणे सोपे नव्हते. त्या काळात उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना दिल्याचेही घडले. त्यामुळे सगळी तिकिटे संपण्याची मालिका कृत्रिमरीत्या टिकवली, असा आक्षेप घेतला जातो. परंतु दिलेल्या तिकिटावरही कोणीतरी येऊन बसावे लागते, आणि जागा भरत राहिल्या.

ही निष्ठा एका खेळापुरती नाही. महिला व्हॉलीबॉल संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली असून २००१ पासून त्याच्याही सामन्यांची तिकिटे संपत आली आहेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी फुटबॉलच्या मैदानात जाळे बांधून नेब्रास्का विरुद्ध ओमाहा येथील विद्यापीठाचा संघ हा सामना खेळवला गेला. तो पाहायला ९२,००३ प्रेक्षक आले. महिलांच्या क्रीडास्पर्धेसाठीचा हा जागतिक उच्चांक म्हणून सांगितला जातो.

शिक्षण वा नोकरीसाठी राज्य सोडून गेलेल्यांची संख्या मोठी असल्याने दूरचा चाहता हा या समूहाचा महत्त्वाचा भाग मानावा. अमेरिकेच्या अनेक शहरांत माजी विद्यार्थ्यांची मंडळे आहेत. ठरलेल्या बारमध्ये शनिवारी लाल सदरे जमतात. ९ सप्टेंबर २००० रोजी इंडियानातील नोत्र दाम विद्यापीठाच्या मैदानावर इतके हस्कर चाहते पोहोचले की यजमानांचे सज्जे लाल दिसू लागले. नेब्रास्काने तो सामना जादा वेळेत २७–२४ असा जिंकला.

लिंकनमध्ये शिकून भारतात परतलेल्यासाठी अंतराबरोबर घड्याळाचाही प्रश्न असतो. तिथला सकाळी अकराचा सामना पुण्यात रात्री साडेनऊला सुरू होतो, नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळे मागे गेली की साडेदहाला. संध्याकाळी साडेसहाचा असेल तर रविवारी पहाटे पाचचा गजर लावावा लागतो. घरचे झोपलेले असतात, आवाज बारीक ठेवलेला असतो, आणि पहिले गुण लागले की टाळीही हलकेच वाजवावी लागते.