अहमदाबाद हेरिटेज वॉक

अहमदाबाद हेरिटेज वॉक ही अहमदाबादच्या जुन्या शहरातील मार्गदर्शकासह होणारी पायी फेरी आहे. महानगरपालिकेने ती १९ नोव्हेंबर १९९७ रोजी सुरू केली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा (१४२४) हा मार्ग 'पोळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांमधून जातो. या दोन प्रसिद्ध वास्तूंपेक्षा वाटेतील वस्त्याच अधिक पाहण्याजोग्या आहेत. प्रवेशद्वाराआडच्या अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी घरे, पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी उभारलेले चबुतरे आणि अंगणाखाली पावसाचे पाणी साठवणारी टाकी येथे आढळतात. मात्र अनेक कुटुंबे साबरमतीपलीकडील नव्या भागांत स्थलांतरित झाल्याने कित्येक घरे ओस पडली, तर काहींची गोदामे झाली. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. लाकडी घरांची डागडुजी मात्र आजही खर्चिक आहे.