हलकं फ्लायव्हील : एका सुट्या भागाचा इतिहास कसा वाचायचा?

तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवलं की बहुतेक विद्यार्थी अख्खं यंत्र निवडतात. रेल्वे, मोटार, संगणक. विषय एवढा मोठा होतो की सहा महिन्यांनी हातात नुसती सनावळी उरते. त्यापेक्षा एक सुटा भाग घेऊन बघा. तो कधी जड झाला, कधी हलका झाला, कुणी बदलला आणि बदलताना काय गमावलं, एवढंच विचारत गेलात तरी अख्ख्या यंत्राचा इतिहास त्यातून उलगडू लागतो.

आज आपण फ्लायव्हील घेऊ. प्रश्न साधा आहे. कारखान्याने विचार करून बसवलेलं जड फ्लायव्हील काढून स्पोर्ट्स कारचे मालक त्या जागी हलकं फ्लायव्हील आणि वेगळा क्लच का बसवतात? ‘गाडी जोरात पळावी म्हणून’ हे उत्तर तुम्हाला लगेच मिळेल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

आधी काम समजून घ्या

इंजिन सलग जोर लावत नाही, ते ठोके देतं. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मधला सगळा वेळ चाक फिरतं ठेवायचं काम फ्लायव्हीलचं. शेतात पाणी खेचणारं जुनं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आठवा. त्याच्या बाजूला असलेलं ते भलंमोठं चाक शोभेसाठी नसतं.

जेम्स वॉटने १७८१ मध्ये वाफेच्या इंजिनाची वरखाली होणारी हालचाल गोल फिरवण्यासाठी पेटंट घेतलं, तेव्हाही ती गती एकसारखी ठेवायला जड चाक लागलंच. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत एकच सिलिंडर होता आणि मागे आडवं, मोठं फ्लायव्हील. ते हाताने फिरवूनच इंजिन सुरू करायचं.

पुढे सिलिंडर वाढले. सहा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीत तीन ठोके बसतात. दोन ठोक्यांमधलं अंतर कमी झालं, म्हणजे साठवून ठेवायची ऊर्जाही कमी झाली. म्हणजे फ्लायव्हील सतत हलकंच होत गेलं असेल, नाही का? इथेच थांबा. ‘तंत्रज्ञान एकाच दिशेने पुढे जातं’ ही समजूत आपल्या विषयातला सगळ्यात जुना सापळा आहे.

१९८५ : एका चाकाची दोन चाकं

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंजिनांकडून वेगळीच अपेक्षा होऊ लागली. कमी फेऱ्यांवर जास्त जोर, संथ आयडलिंग, गिअरबॉक्समध्ये पातळ तेल, एकूण वजन कमी. हे सगळं इंधन वाचवायला चांगलं, पण त्यातून एक नवाच त्रास उभा राहिला. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालत असताना सेकंदाला ४० ठोके देतं. हे ठोके गिअरबॉक्सपर्यंत पोचतात आणि ज्या गिअरवर त्या वेळी भार नाही, त्यांचे दाते एकमेकांवर खडखड आपटतात.

उत्तर म्हणून फ्लायव्हीलचे दोन भाग केले गेले. एक भाग इंजिनाला जोडलेला, दुसरा क्लचला, आणि मध्ये स्प्रिंगा. त्यामुळे कंपनांचा धोकादायक टप्पा आयडलिंगच्याही खाली जातो. इंजिन सुरू होताना किंवा बंद होतानाच तो क्षणभर लागतो. जर्मनीतल्या लुक कंपनीने १९८५ मध्ये अशा दुहेरी फ्लायव्हीलचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. सिलिंडर वाढूनही फ्लायव्हील पुन्हा जड आणि गुंतागुंतीचं झालं. कारण बदललं, म्हणून दिशा बदलली.

पोर्शे ९११ ची ‘९६४’ पिढी

आता नेमकं उदाहरण घेऊ. १९८९ च्या सुमाराला आलेल्या ९६४ पिढीत ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि दुहेरी फ्लायव्हील होतं. सुरुवातीच्या फ्लायव्हीलमध्ये दोन भागांच्या मध्ये रबर वापरलेलं होतं. ते कालांतराने निकामी व्हायचं, म्हणून पुढे स्टीलच्या स्प्रिंगांचं फ्लायव्हील आलं. याच पिढीत पोर्शेने ‘कॅरेरा आरएस’ ही हलकी, स्पर्धेकडे झुकलेली आवृत्ती काढली आणि तिला एकसंध हलकं फ्लायव्हील दिलं. साहजिकच साध्या ९६४ चे मालक दुरुस्तीची वेळ आली की आरएसचं फ्लायव्हील आणि क्लच बसवू लागले.

क्लचही का बदलायचा? दुहेरी फ्लायव्हीलमध्ये धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्याच पोटात असतात, त्यामुळे क्लचची तबकडी बिनस्प्रिंगची चालते. एकसंध फ्लायव्हील बसवलं की ते काम तबकडीकडे येतं, म्हणून तिच्या मध्यभागी स्प्रिंगा लागतात. एक भाग बदलला की शेजारच्याचंही काम बदलतं. टिपण काढताना हे वाक्य समासात लिहून ठेवा.

बदलाची किंमतही लगेच दिसली. आयडलिंगला गिअरबॉक्सची खडखड परत आली. शिवाय सिग्नलजवळ येताना क्लच दाबला की फेऱ्या इतक्या झपकन पडत की आयडलिंग सांभाळणाऱ्या नियंत्रणाला त्या पकडता येत नसत आणि इंजिन बंद पडे. मग इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलायची. एका लोखंडी चाकाचा प्रश्न शेवटी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पोचला.

फायदा नेमका किती? हिशोब करा

इतिहासाच्या विद्यार्थ्याने गणिताला घाबरून चालत नाही. सोयीचे आकडे घेऊ. समजा फ्लायव्हीलमधून ६ किलो कमी झाले आणि ते वजन मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटरवर होतं. गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १२ फेऱ्या, टॉप गिअरमध्ये ३. परिणाम या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी जवळपास ९६ किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते, आणि टॉप गिअरमध्ये फक्त ६ किलोंनी. (प्रत्यक्ष वजनातले ६ किलो दोन्हीकडे वेगळे धरा.) सोळा पटींचा फरक!

म्हणजे ‘हलक्या फ्लायव्हीलने गाडी बदलते’ म्हणणाराही खरा आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाराही खरा. दोघं वेगवेगळ्या गिअरबद्दल बोलत असतात. दोन साधनं परस्परविरोधी दिसली की लगेच एकाला खोटं ठरवू नका. आधी विचारा, हे कुठल्या परिस्थितीत मोजलंय?

मोजमापाचंही तसंच. इंजिन एका स्थिर वेगावर धरून ताकद मोजली तर फ्लायव्हीलने ती बदलत नाही. पण जड रोलर फिरवत, वेग वाढवत मोजणाऱ्या यंत्रावर आकडा थोडा वाढलेला दिसतो, कारण स्वतःचं चाक फिरवण्यात इंजिनाची कमी ताकद खर्च होते. जाहिरातीतला आकडा वाचताना यंत्र कोणतं होतं ते शोधा.

यात कुणाचे तरी पाय असतात

हा विषय नुसता हौसेचा नाही. फिरत्या चाकाच्या कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या दुप्पट, तर ताण चौपट. ओतीव लोखंड ताणाला कच्चं. अशा मूळ फ्लायव्हीलचं लोखंड लेथवर नको तिथून कापून ते हलकं केलं, तर ते फुटू शकतं आणि त्याचे तुकडे थेट चालकाच्या पायांकडे येऊ शकतात. म्हणून शर्यतीसाठी पोलादी किंवा पोलादी घर्षणपृष्ठ असलेली ॲल्युमिनियमची फ्लायव्हील वापरतात, आणि अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये क्लचभोवती तुकडे अडवणारं पोलादी कवच आलं.

याच खेळात ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. त्यांनी पुढच्या वर्षी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी शर्यतीत उतरवली आणि जिंकली. ‘अपघात झाला, म्हणून नवी रचना आली’ असं लिहायचा मोह होतो. पण मागे इंजिन असलेल्या गाड्या त्याआधीही इतरांनी करून पाहिल्या होत्या. त्या सरळ धावत नव्हत्या. गार्लिट्स यांच्या चमूने स्टिअरिंगची चाल संथ केली, तेव्हा गाडी ताब्यात आली. अपघाताने गरज तीव्र केली. उत्तर मात्र स्टिअरिंगमध्ये सापडलं. कारण आणि निमित्त यातला फरक प्रबंधात दाखवता आला पाहिजे, तो असा.

तुमच्यासाठी काम

एक सुटा भाग निवडा. सायकलची चेन, शिवणयंत्राचा पट्टा, काहीही. मग चार प्रश्न लिहा. तो मुळात कुठल्या अडचणीसाठी आला? ती अडचण पुढे बदलली का? वापरणाऱ्यांनी कारखान्याचा निर्णय कुठे फिरवला? आणि फिरवल्यावर त्रास कुणाच्या वाट्याला आला? पहिले तीन प्रश्न बहुतेक जण विचारतात. चौथ्याचं उत्तर माहितीपत्रकात सहसा मिळत नाही. ते दुरुस्तीच्या पुस्तिकांत, स्पर्धांच्या नियमावल्यांत आणि मेकॅनिकच्या बोलण्यात मिळतं. तिथूनच सुरुवात करा.