निमजचा निरोप्या

यवतमाळहून बोलतोय. इकडे कुणाकुणाच्या घरी अजून ती काळी लोखंडी पेटी असते, पांढऱ्या रंगात आजोबांचा नंबर लिहिलेली. लढाईचं विचारलं की आजोबा म्हणतात, "केली नोकरी," आणि विषय बदलतात.

म्हणून आज नामदेव जाधव. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. वय फक्त २३. काम कंपनीच्या 'रनर'चं, म्हणजे निरोप्याचं. नदी ओलांडताना मशीनगनच्या माऱ्यात सोबतचे बहुतेक पडले. नामदेवांनी एका जखमी जवानाला उचललं, खोल पाणी, उभा काठ आणि सुरुंगांचा पट्टा पार करून सुरक्षित जागी नेलं. आणि परत गेले. दुसऱ्यासाठी!

माझं मन या दुसऱ्या फेरीपाशी अडतं. पहिल्यांदा माणूस झटक्यात जातो. दुसऱ्यांदा सगळं माहीत असतं ना?

मग एकट्यानं मशीनगनच्या चौक्यांवर हल्ला. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, तर हातबॉम्ब. शेवटी काठावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली, बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच दिवशी, त्याच नदीवर कोहाटकडच्या अली हैदर या पठाण जवानालाही तोच मिळाला. दोनच वर्षांत फाळणी झाली. अली हैदरची रेजिमेंट पाकिस्तानात गेली, मराठा इन्फंट्री इकडे राहिली. नामदेव १९८४ मध्ये गेले.

आजोबांना थेट लढाईचं विचारू नका. पहिली पोस्टिंग कुठे होती, तेवढं विचारा. आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगूनच.